घडी मोडायचा मान

मास्तर माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य मला कळलंच नव्हतं. कारखान्यात लागून मला चार दिवस झाले होते. नवा मोरपंखी ड्रेस घालून मी फोल्डिंग खात्यात सॅम्पल न्यायला गेले, तर टेबलाशी उभा असलेला एक बारीक, पांढऱ्या मिशांचा माणूस हातातल्या टॉवेलवरून नजर न काढता म्हणाला, "आज घडी मोडली वाटतं, म्याडम."

मी तिथून सरळ बाथरूममध्ये गेले. आरशात ड्रेस पुढून-मागून तपासला, इस्त्रीची घडी कुठे मोडली ते शोधलं, ओल्या हाताने होत्या-नव्हत्या त्या सुरकुत्या सरळ केल्या आणि दिवसभर त्या टेबलाकडे फिरकले नाही. माझं शिक्षण सगळं इंग्रजी शाळेतलं. घरी मराठी बोलायचो, पण ती 'जेवलीस का' आणि 'फॅन बंद कर' एवढ्यापुरती. घडी मोडणं म्हणजे नवं कापड पहिल्यांदा अंगावर घालणं, हे आईने संध्याकाळी हसत हसत सांगितलं. "अगं, कौतुक केलं त्यांनी. आम्ही तर नवी साडी आधी मैत्रिणीला नेसायला द्यायचो. घडी मोडायचा मान तिचा. तू काय उत्तर दिलंस?"

मी काहीच उत्तर दिलं नव्हतं. मी तेव्हा कुणालाच फारसं काही उत्तर देत नसे.

मास्तर हे शाळेचे मास्तर नव्हेत. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना होता. माझं काम परदेशी ग्राहकांना ईमेल लिहिण्याचं आणि त्यांचं काम टॉवेलच्या घड्या घालण्याचं. घरी ते तेलुगू बोलत, कारखान्यात सोलापुरी मराठी, आणि चिडले की दोन्ही. चाळीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, आणि त्यातही एक गोष्ट फक्त त्यांनाच जमायची. माल तपासायला बाहेरची माणसं येत, खोक्यातली चार-सहा पाकिटं फोडत, टॉवेल उलगडून बघत. ती फोडलेली पाकिटं मास्तर पुन्हा अशी बंद करत, की तपासणाऱ्यालाच उद्या परत बोलावलं असतं तर काल कुठली फोडली ते त्याला सांगता आलं नसतं.

"कापडाला आठवण असती," ते म्हणत. "कागदाला बी असती. घडी एकदा जिथं पडली, तिथंच परत पडती. आपण फक्त घाई करायची न्हाय."

कुणी काही फाडलेलं त्यांना सहन होत नसे. चहाबरोबर बिस्किटांचा पुडा आला की तो आधी त्यांच्या हातात द्यावा लागे. ते त्याचा जोड शोधत, नखाने अलगद सोडवत, आणि बिस्किटं संपल्यावर रिकामा पुडा पुन्हा भरल्यासारखा बंद करून ठेवत. त्या रिकाम्या पुड्याने आमच्या अकाउंटंटना तीनदा फसवलं होतं. एकदा एका नव्या कामगाराने दाताने पाकीट फाडलं, तेव्हा मास्तर त्याला म्हणाले, "फाडायला काय बे, माकड बी फाडतंय. उघडायला माणूस लागतंय."

माझ्या टेबलावर एक छोटी लाल मोटार असे. जाड कार्डावर पारदर्शक प्लास्टिकमध्ये बंद, दुकानात टांगलेली असते तशीच. घरी अशा कपाटभर होत्या. एक दिवस मास्तर सॅम्पलची यादी घ्यायला आले आणि तिच्यापाशी थांबले.

"ही काय?"

"मोटार."

"दिसतंय की. पळती कशी?"

"माहीत नाही. उघडलेली नाही."

"कवा घेतली?"

"सहावीत."

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हंजे पोरगी कॉलेज शिकली, नोकरीला लागली, आन् मोटार अजून शोरूममधीच."

मी त्यांना समजावून सांगितलं. म्हणजे माझ्या मानाने पुष्कळच बोलले. सीलबंद खेळणी जमवणाऱ्यांचा आमचा एक गट होता, फोनवरचा. मी त्यात नावाच्या पहिल्या अक्षराने होते आणि तिथे कुणालाही प्रत्यक्ष भेटलेली नव्हते. खेळणं एकदा उघडलं की संग्रहातून गेलं. आणि उघडून पुन्हा बंद केलेलं कुणी सीलबंद म्हणून दाखवलं, तर त्याला रीसीलवाला म्हणत. आमच्यात याहून मोठी शिवी नव्हती.

मास्तरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "रविवारी घरी ये," म्हणाले. "माझ्याकडं बी हायत."

शहराच्या पूर्व भागात त्यांचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीची एक अख्खी भिंत फळ्यांची, आणि फळ्यांवर खेळण्यांची खोकी. कडा सरळ, कागद ताणलेला, एकाही कोपऱ्याला हात लागलेला नाही. मला उगीचच भरून आलं. इतक्या वर्षांत माझ्यासारखं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं.

मग मास्तरांनी एक खोकं खाली काढलं, मिनिटभरात उघडलं, आतून हिरवा पत्र्याचा बेडूक काढला, चावी दिली आणि जमिनीवर सोडला. बेडूक टणाटण उड्या मारत कॉटखाली गेला. मास्तर गुडघ्यांवर बसून त्याच्यामागे गेले.

"आज रविवार न्हवं का," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. त्यांना मी काकू म्हणू लागले. "बेडकाचा वार. सोमवारी आगगाडी, मंगळवारी भोवरा. माणसं देवाला वार वाटून देतात, ह्येनी बेडकाला दिलाय."

पाच मिनिटांनी बेडूक खोक्यात गेला, खोकं बंद झालं, फळीवर चढलं. मी जवळ जाऊन बघितलं. ते पुन्हा कधीच न उघडलेलं दिसत होतं. मला राग आला होता की हसू, हे अजूनही सांगता येत नाही.

"मग बंद कशाला करता?" मी विचारलं.

"उद्या उघडायला."

काकूंनी चहा ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि नवऱ्याला तेलुगूत 'अहो' अशी हाक मारून म्हणाल्या, "एमंडी, ही पोरगी बी पॅकबंदच हाय की. तास झाला येऊन, पाणी पायजे म्हणून बी बोलली न्हाय." मास्तर म्हणाले, "राहू दे. जोड सापडला की उघडंल." आणि दोघं माझ्यादेखत हसले. मी पाणी मागितलं.

जाताना ते दारापर्यंत आले. "चाळीस वरसं टॉवेलाच्या घड्या घालतोय," म्हणाले. "कोण कुठला गोरा तिकडं उघडणार, तोंड पुसणार. मी कधी बघितलंय? न्हाय. मग आपल्या घरात तरी बघू की, आतलं काय करतंय ते."

त्यानंतर मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. महिन्याभराने ते कामावर आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातचा एक टॉवेल कोपऱ्यात किंचित तिरका गेला. ते त्यांच्या आधी सुपरवायझरला दिसलं. तो वाईट माणूस नव्हता. तिशीचा, घाईचा, दिवसाला किती खोकी गेली ते बघणारा. "मास्तर, आता आराम करा," म्हणाला. "दाराशी बसा, गेटपास बघा." मास्तर दाराशी लोखंडी खुर्चीवर जाऊन बसले. दुपारपर्यंत कारखाना म्हणू लागला, मास्तरांचा हात गेला.

माझ्या केबिनच्या काचेतून ते दार दिसत असे. येणारा-जाणारा गेटपास देई, मास्तर तो घेत, कागदाच्या घडीवरून नख फिरवत आणि मग कुणी बघितलं का ते बघत.

एक दिवस ते माझ्या टेबलाशी आले. "तुझ्या गटाचं परदर्शन हाय म्हणालीस न्हवं, नवी पेठेत? आन् पुण्याचा साहेब येणार, जो बघून सांगतो कोणतं उघडलेलं न् कोणतं न्हाय?"

"हो."

"तुझं ते अस्वल दे मला."

अस्वल म्हणजे माझ्याकडची सगळ्यात मोठी वस्तू. ढोल वाजवणारं, चावीचं, पत्र्याचं अस्वल. ते बनवणारा कारखाना मी जन्मायच्या आधी बंद पडला होता. बार्शीला मावशीकडे गेले असताना एका मोडकळीला आलेल्या स्टेशनरीच्या दुकानात, वरच्या फळीवर, ते खोकं मला सापडलं होतं. वरचा जिलेटिनचा कागदसुद्धा मूळचा. गटातल्या कुणीच ते सीलबंद बघितलेलं नव्हतं. मी फोटो टाकला तेव्हा ज्यांनी मला कधी नमस्कारही केला नव्हता, त्यांनी लिहिलं होतं की प्रदर्शनाला हे आणाच.

"मी उघडतो, परत घालतो," मास्तर म्हणाले. "तू तिथं ठेव. साहेबाला कळलं तर हात गेला. मी दारात बसतो, गप, कुणाला काय बोलत न्हाय. न्हाय कळलं तर..."

कागद फाटला तर माझं अस्वल गेलं. साहेबांना कळलं तर मी रीसीलवाली, तीही पहिल्यांदाच लोकांसमोर येताना. तीन दिवस मी मास्तरांच्या समोरून गेले नाही, मागच्या दाराने ये-जा केली. चौथ्या दिवशी खोकं पिशवीत घालून त्यांच्या घरी गेले. त्या गेटपासवरून फिरणाऱ्या नखाशिवाय मला दुसरं कारण देता येत नाही.

त्यांनी जोडावर इस्त्रीचा शेक दुरूनच दिला. मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. फाटल्याचा आवाज येईल म्हणून कान तिकडेच. आवाज आला नाही. "बघ की आता," काकू म्हणाल्या, तेव्हा अस्वल मास्तरांच्या मांडीवर बसलेलं होतं आणि कागद बाजूला अख्खा पसरलेला होता. चावी अडकली होती. त्यांनी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. पुढचे आठ दिवस अस्वल त्यांच्याकडेच होतं. काकूंचा फोन यायचा, "तुझं अस्वल आज पाचलाच उठलं बघ." मी मात्र त्याला वाजताना बघितलं नाही. मला भीती वाटत होती की बघितलं तर मी ते बंद करू देणार नाही.

शनिवारी त्यांनी खोकं बंद केलं. तासभर त्याच्याकडे बघत बसले. मग पुन्हा उघडलं आणि पुन्हा बंद केलं. पहिल्या वेळी काय चुकलं होतं ते मला दिसलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही.

रविवारी हॉलमध्ये पंधरा-वीस टेबलं होती. मी माझ्या टेबलामागे उभी होते आणि हात कुठे ठेवावेत ते मला कळत नव्हतं. मास्तर धुतलेला सदरा घालून मागच्या रांगेत बसले होते. भिंतीशी हाताची घडी घालून सुपरवायझर उभा होता. त्याला मास्तरांनीच बोलावलं होतं. "ये, हात बघायला," एवढंच सांगून.

पुण्याचे साहेब पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांच्या हातात भिंग आणि जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी. पहिल्या रांगेतच त्यांनी दोन खोकी बाजूला काढली. "ही उघडलेली आहेत," एवढंच म्हणाले. ज्याची होती तो माणूस खोकी पिशवीत भरून निघून गेला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

माझ्या टेबलाशी ते खूप वेळ थांबले. भिंग कागदाच्या जोडावरून गेलं, चारही कोपऱ्यांवरून गेलं, परत जोडावर आलं. शेवटी त्यांनी भिंग खिशात ठेवलं.

"असं पॅकिंग आता बघायला मिळत नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "कारखान्यातून निघाल्यापासून याला कुणाचा हात लागलेला नाही."

"लागलाय की, साहेब," मागून आवाज आला. "माझाच."

लोक हसले. साहेबही हसले. "आजोबा, एकोणीस वर्षं मी हेच करतोय. याला हात लागलेला नाही."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. खोकं माझं होतं, बोलायचं मला होतं. मी गप्प राहिले असते तर सीलबंद खेळण्यांचं पहिलं बक्षीस मला होतं.

"सर," मी म्हणाले, "ते उघडलेलं आहे. दोनदा." आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "यांनी उघडलं आणि यांनीच बंद केलं. मी समोर होते."

साहेबांनी पुन्हा भिंग काढलं. पुन्हा सगळं तपासलं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "शक्य नाही," ते म्हणाले. "तुमची काहीतरी चूक होतेय. पुरावा काय?"

पुरावा आमच्याकडे नव्हता. खोकं इतकं चांगलं बंद झालं होतं, की ते उघडलं होतं हे आमचं आम्हालाच सिद्ध करता येईना. सुपरवायझर हसायच्या बेतात होता. तेवढ्यात मास्तरांनी कपाळावर हात मारला.

"अगं पोरी, चिठ्ठी राहिली की आत."

आमच्या कारखान्यात प्रत्येक घडीवाला आपल्या नंबरची एक चिठ्ठी टॉवेलाच्या घडीत सरकवतो, म्हणजे तक्रार आली तर कुणाच्या हातचा माल ते कळतं. चाळीस वर्षं मास्तर कुठलीही घडी चिठ्ठीशिवाय मिटवत नव्हते. नंबर घातलेली एखादी चिठ्ठी त्यांच्या खिशात असायचीच. शनिवारी खोकं बंद करताना हात आपोआप खिशात गेला होता, आणि ते त्यांना आत्ता आठवलं होतं.

"म्हणजे आत बघितल्याशिवाय कळणार नाही," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी मनापासून म्हणाले, "बाळ, राहू दे. मी म्हणतो ना, उघडलेलं नाही. लोकांसमोर उघडलंत तर संपलं ते."

"उघडूया," मी म्हणाले आणि हात पुढे केला.

"थांब," मास्तर पुढे येत म्हणाले. त्यांनी खोकं उचललं आणि दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरलं. "घडी मोडायचा मान पाव्हण्याचा."

एकोणीस वर्षं त्या माणसाने लाखमोलाची खोकी तपासली होती, पण उघडलं एकही नव्हतं. त्यांना सुरुवात कुठून करायची तेच कळेना. मास्तर शेजारी उभे राहून सांगत होते, "हितनं. नखानं. ओढू नका, कागद आपणच येतंय." कागद आला. झाकण उघडलं. अस्वलाच्या ढोलावर एक छोटी पांढरी चिठ्ठी होती. साहेबांनी ती मोठ्याने वाचली.

"घडी नंबर सतरा. दोष, नाही."

सतरा नंबर कुणाचा हे त्या हॉलमध्ये तिघांनाच माहीत होतं. भिंतीशी सुपरवायझरच्या हाताची घडी सुटली. तो पुढे आला, चिठ्ठी साहेबांच्या हातातून घेतली, उलटीसुलटी बघितली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"चावी कोण देणार?" मास्तरांनी विचारलं.

मी दिली. अस्वलाने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि ढोल बडवायला सुरुवात केली. एवढंसं ते अस्वल, पण हॉलच्या शेवटच्या टेबलापर्यंत आवाज गेला. मी ते पहिल्यांदा बघत होते. चावी संपली तेव्हा पुण्याचे साहेब टेबलावर कोपरं टेकून वाकले होते. "अजून एकदा दिली तर चालेल का?" त्यांनी मला विचारलं.

तिसऱ्या चावीला शेजारच्या टेबलावरून प्लास्टिक चरचरल्याचा आवाज आला. मग पलीकडच्या टेबलावरून. लातूरहून आलेल्या एका काकांनी आपलं विमान उघडायला घेतलं होतं, कॉलेजातल्या एका मुलीने बाहुली.

"फाडू नका बे, फाडू नका," म्हणत मास्तर तिकडे धावले. पुढचा तासभर ते या टेबलावरून त्या टेबलाकडे जात होते, प्रत्येकाला जोड दाखवत होते, आणि मी त्यांच्यामागे लोकांना सांगत होते की नखाने, हळू, ओढू नका. मी त्या दिवशी इतकी बोलले की संध्याकाळी घसा बसला. साहेबांनी बक्षीस कुणालाच दिलं नाही. द्यायला सीलबंद असं फारसं काही उरलंच नव्हतं. जाताना त्यांनी मास्तरांना आपल्या घरचा पत्ता लिहून दिला आणि म्हणाले, माझ्याकडे तीन खोल्या भरून आहेत, कधी याल?

आता मी त्या कारखान्यात नाही. मास्तरांची आठवण निघाली की लोक मला अस्वलाचीच गोष्ट सांगायला लावतात. मी सांगते. पण ती मला जिथे संपलेली आवडते, ती जागा हॉलमधली नाही.

सोमवारी सकाळी मी पोचले तेव्हा मास्तर फोल्डिंगच्या टेबलाशी उभे होते. त्यांना कुणी तिथे जायला सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कुणाला विचारलंही नव्हतं. पुढ्यात टॉवेलांची चळत, डोळ्यांवर नवा चष्मा. सुपरवायझर आत आला. सवयीने दाराशी गेटपास द्यायला थांबला आणि त्याचा हात तसाच राहिला. तिथे कुणी नव्हतं, बसायलाही काही नव्हतं.

"मास्तर," त्याने तिथूनच विचारलं, "हितली खुर्ची कुठं गेली?"

मास्तरांनी टॉवेलाचं चौथं टोक तिसऱ्यावर जुळवलं, तळहात एकदा फिरवला आणि मान वर न करता भिंतीकडे हनुवटी केली. लोखंडी खुर्ची तिथे मिटून, चपटी होऊन उभी होती.

"घडी घालून ठेवली," ते म्हणाले.